मुरुमांवर ट्यूब चोळण्याआधी हे वाचा! साबण, पाणी अन् थोडा धीर. रोजच्या सवयींतून चेहरा कसा जपायचा?

बुलढाणा : लग्नसराई जवळ आली, कॉलेजचं गॅदरिंग आलं किंवा मुलीचा फोटो बायोडाट्याला लावायची वेळ आली की तालुक्याच्या मेडिकलवर एक मागणी हमखास वाढते. "चेहऱ्याला लावायची ती ट्यूब द्या, मैत्रिणीला लई फरक पडला." चिठ्ठी नाही, तपासणी नाही. ट्यूब मिळते, आठ दिवसांत चेहरा उजळतो, घरातले खूश होतात. दोन-तीन महिन्यांनी मात्र तोच चेहरा लाल पडतो, उन्हात आग होते आणि मुरूम आधीपेक्षा दुप्पट उठतात.

मुरूम हा वयाचा भाग आहे. १२ ते २४ या वयात दहापैकी आठ-नऊ जणांना ते कमी-जास्त येतातच आणि बहुतेकांचे वयाबरोबर कमी होतात. मागे राहतात ते डाग आणि खड्डे. त्यातले बरेचसे नखाने फोडल्यामुळे, चुकीच्या ट्यूबमुळे आणि उशिरा डॉक्टरकडे गेल्यामुळे राहतात. हे टाळणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे. त्यासाठी महागडं काही लागत नाही.

मुरूम येतात कशामुळे?

आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठीवर त्या जास्त असतात. वयात येताना शरीरातले हार्मोन्स वाढतात, तसं या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी कातडीच्या मेलेल्या पेशी छिद्राच्या तोंडाशी साचतात. तेल आणि पेशी मिळून छिद्राला बूच बसतं. आत कोंडलेल्या तेलावर कातडीवरचेच जिवाणू वाढतात, सूज येते, पू धरतो. झाला मुरूम.

बूच उघडं असेल तर काळा ठिपका दिसतो, त्याला ब्लॅकहेड म्हणतात. तो काळा रंग मळाचा नसतो. आतला रंगद्रव्याचा भाग हवेच्या संपर्कात येऊन काळा दिसतो. म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही, उलट कातडी सोलते.

"रक्त खराब आहे", "अंगात उष्णता वाढली", "लग्न झालं की जातात" ही वाक्यं गावोगाव ऐकायला मिळतात. मुरुमांचा रक्त खराब असण्याशी संबंध नाही, त्यामुळे रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवण्याची गरज नाही. लग्नाचाही काही संबंध नाही. आणि मुरूम एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. नायटा मात्र लागतो, त्यामुळे घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असलेला बराच.

चेहरा धुवायचा कसा? किती वेळा?

दिवसातून दोन वेळा पुरे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. शिवाय खूप घाम आला, सोयाबीनची मळणी केली, फवारणी करून आलं की लगेच. दिवसभरात पाच-सहा वेळा साबण लावला तर कातडी कोरडी पडते, जळजळते आणि मुरूम चिडतात.

- आधी हात धुवा. वावरातून आल्यावर हाताला माती, खत, औषध लागलेलं असतं. फवारणी केली असेल तर कपडे बदलून आंघोळच करा.
- साबणाची वडी थेट चेहऱ्यावर घासू नका. हातावर फेस करा आणि बोटांनी हळूच अर्धा मिनिट लावा. कपड्याचा साबण तोंडाला नकोच. अंगाचा सौम्य साबण किंवा साधा फेसवॉश चालतो.
- साध्या किंवा कोमट पाण्याने नीट धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर साबण लवकर निघत नाही. कानाजवळ, हनुवटीखाली आणि केसांच्या कडेला तो राहून जातो. तिथे जरा जास्त पाणी घ्या.
- घासणी, वज्री, खरखरीत स्क्रब चेहऱ्याला लावू नका. टॉवेल टेकवून पाणी टिपा, रगडू नका.

तेलकट चेहऱ्याच्या मुलामुलींना सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश उपयोगी पडतो, तो छिद्रातलं बूच सैल करतो. पण चेहरा सोलायला लागला तर एक दिवसाआड वापरा.

चेहरा तेलकट असला तरी धुतल्यावर ताणल्यासारखा वाटत असेल तर हलकं मॉइश्चरायझर लावावं. डब्यावर "नॉन-कॉमेडोजेनिक" लिहिलेलं पाहून घ्या. म्हणजे छिद्रं बुजणार नाहीत अशा बेताने बनवलेलं.

केसांचं तेल, ओढणी आणि उशी

कपाळावर, केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्यांची रांग असेल तर आधी डोक्याच्या तेलाकडे बघा. आपल्याकडे तेल चपचपीत लावून तेच हात तोंडावरून फिरवायची सवय आहे. तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजतात. तेल लावायचं तर धुण्याआधी तासभर लावा, कपाळाला लागू देऊ नका आणि रात्रभर ठेवून झोपू नका. कोंडा असेल तर त्याचाही इलाज करा. खोबरेल तेल अंगाला चांगलं, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला नको.

गाडीवर कॉलेजला जाणाऱ्या मुली स्कार्फ बांधतात, कापूस वेचणाऱ्या बाया ओढणी किंवा रुमाल गुंडाळतात. धूळ-उन्हापासून ते बरंच आहे. पण घामाने भिजलेला तोच कपडा चार दिवस तोंडावर घासला गेला तर गालावर आणि हनुवटीवर मुरूम उठतात. सुती कपडा घ्या, सैल बांधा, रोज धुवा. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तसंच. पट्टा पुसून घ्या, हेल्मेट मात्र काढू नका.

उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा तरी बदलावा. तासन् तास मोबाईल गालाला चिकटवून बोलायची सवय असेल तर स्क्रीन पुसत जा.

दाढी करणाऱ्या मुलांनी मुरुमावरून उलटं ब्लेड फिरवू नये. आधी केस ओले करून मऊ करावेत आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ब्लेड चालवावं. सलूनमध्ये नवीन ब्लेडचा आग्रह धरा.

उन्हाचा हिशोब

आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम बसला तरी काळा डाग मागे राहतो. हा डाग काही महिन्यांत आपोआप फिका होतो. पण रोज त्यावर ऊन पडत राहिलं तर तो गडद होतो आणि लांबतो. म्हणून वावरात जाताना टोपी, उपरणं, पदर काहीतरी डोक्या-तोंडावर हवं. परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं, जेलसारखं हलकं सनस्क्रीन घराबाहेर पडण्याआधी लावा. घाम येत असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा.

खाण्यापिण्याचं खरं किती?

तळलेलं खाल्लं की लगेच मुरूम येतो, असं थेट सिद्ध झालेलं नाही. आंब्यालाही उगाच दोष दिला जातो. पण साखर आणि मैद्याचे पदार्थ, म्हणजे कोल्ड्रिंक, बिस्किटं, टोस्ट, बेकरीचा माल, चार वेळा गोड चहा, यांनी रक्तातली साखर झटकन वाढते. त्यामुळे हार्मोन्स हलतात आणि काहींचे मुरूम वाढतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मोड आलेली मटकी, हंगामातलं फळ हे आपलं जुनं ताट चेहऱ्यालाही चांगलंच आहे.

दुधाने काहींना त्रास वाढतो, सगळ्यांना नाही. वाढत्या पोरांचं दूध त्यासाठी बंद करू नका. पाणी भरपूर प्यावं, पण नुसतं पाणी पिऊन मुरूम जात नाहीत.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आणि जिमला जाणाऱ्या पोरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर छाती-पाठीवर मुरूम उठले तर ती बंद करून बघा. आणि शरीर फुगवायची इंजेक्शनं कुणी देत असेल तर त्याच्या नादी लागू नका. त्याने मुरुमांचे मोठे गोळे येतात आणि हृदय व यकृतालाही धोका होतो.

अपुरी झोप आणि परीक्षेचा ताण यांनीही मुरूम चिडतात. रात्री एक-एक वाजेपर्यंत रील बघणाऱ्यांनी मोबाईल तासभर आधी ठेवून पाहावा. फिल्टर लावलेले चेहरे पाहून स्वतःचा चेहरा मोजू नये. तशी कातडी कुणाचीच नसते.

सगळ्यात मोठा धोका : स्टिरॉईडची ट्यूब

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

नायट्यासाठी, खाजेसाठी आणि "गोरं होण्यासाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबांमध्ये स्टिरॉईड असतं. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. घरात कुणाच्या तरी नायट्याला आणलेली ट्यूब उरते आणि तीच पोरीच्या तोंडाला लागते. असं गावागावात घडतं.

स्टिरॉईडने सूज आणि लाली तात्पुरती दबते, कातडी पांढुरकी दिसते. म्हणून पहिले काही दिवस फरक पडल्यासारखा वाटतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आणि चुलीपुढे आग होते, मुलींच्या गालावर लव वाढते आणि नवे मुरूम उठतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. व्यसनासारखंच चक्र होतं. त्यातून बाहेर निघायला महिने जातात.

ट्यूबवर कसं ओळखायचं? घटकांच्या नावात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉईड आहे. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. लाल रेघ किंवा लाल चौकटीतली सूचना असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायचं आहे, असा त्याचा अर्थ. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ प्रकारची लावायची स्टिरॉईड शेड्यूल एच मध्ये घेतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकणं नियमाबाहेर आहे. डॉक्टर काही आजारांसाठी ही औषधं देतात आणि ती ठरलेल्या दिवसांपुरती उपयोगी असतात. मुरुमांसाठी आणि गोरेपणासाठी ती नाहीत.

दोन-तीन महिन्यांपासून अशी ट्यूब लावणं सुरू असेल तर मनाने एकदम बंद करून दुसरी सुरू करू नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि किती दिवस लावली ते खरं सांगा. लाजायचं काही कारण नाही.

दुसरा धोका पाऱ्याचा. कंपनीचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर काहीच नसलेल्या क्रीमच्या डब्या काही पार्लर आणि बाजारांत मिळतात. त्यांत पारा असू शकतो. शेजारच्या अकोल्यात पार्लरमधून घेतलेली क्रीम वापरल्यानंतर एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाल्याच्या बातम्या २०२३ च्या सुरुवातीला आल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. चेहऱ्याला लावलेलं कातडीतून आत जातं, हे यावरून कळावं. अशी विक्री दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

घरगुती उपाय : कोणते चालतात, कोणते नाही?

- लिंबू : नको. कातडी भाजते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे पडतात.
- टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, चुना : नको. मुरूम सुकल्यासारखा वाटतो, पण भाजल्याचा डाग राहतो.
- हळद-बेसन : आठवड्यातून एखाद वेळी पातळ लेप चालेल. चोळून काढू नका, पाण्याने भिजवून सोडवा. त्याने मुरूम बरे होतील ही अपेक्षा ठेवू नका.
- मुलतानी माती : तेलकट चेहऱ्याला कधीमधी चालते. कोरड्या चेहऱ्याला नको.
- कोरफड : बहुतेकांना चालते. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. कापल्यावर निघणारा पिवळा चीक मात्र धुऊन टाका.

कुठल्याही लेपाने आग झाली तर लगेच धुवा आणि पुन्हा लावू नका.

फोडायचा नाही म्हणजे नाही

मुरूम दाबला की थोडा पू बाहेर येतो, पण बाकीचा आत खोल ढकलला जातो. सूज वाढते आणि खड्डा पडायची सुरुवात तिथूनच होते. खड्डा एकदा पडला की साध्या क्रीमने भरत नाही. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपासचा फोड दाबल्याने क्वचित जंतुसंसर्ग आत पसरून जिवावरही बेततं. हात आपोआप तोंडाकडे जात असेल तर नखं बारीक कापून ठेवा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

- दुखणाऱ्या मोठ्या गाठी, पू भरलेले फोड किंवा खड्डे पडायला लागले असतील तर वाट बघू नका.
- दोन-तीन महिने नीट काळजी घेऊनही फरक नसेल तर.
- मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, वजन वाढत असेल आणि सोबत मुरूम असतील तर पीसीओएसची तपासणी करून घ्या. तिथे नुसता चेहऱ्याचा इलाज पुरत नाही.
- पंचविशीनंतर अचानक मुरूम सुरू झाले तर.
- एखादं औषध सुरू केल्यावर एकसारख्या पुटकुळ्या उठल्या तर. स्टिरॉईडच्या गोळ्या, "ताकदीची" बी-१२ इंजेक्शनं, टीबीची आणि फिटची काही औषधं यांनी असं होऊ शकतं. पण टीबीची किंवा फिटची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरला दाखवा.

मुरुमांवर चांगली औषधं आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल जिवाणू कमी करतं. ते कमी ताकदीचं, २.५ टक्क्यांचं, एक रात्रीआड सुरू करतात. त्याने टॉवेल आणि उशीचा रंग उडतो. अडापालीनचं जेल छिद्रं मोकळी ठेवतं. ते रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं घेऊन पातळ पसरवायचं असतं. नुसतं फोडावर टेकवायचं नसतं. गरोदर असताना अडापालीन लावू नये. आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल मोठ्या गाठींसाठी डॉक्टर देतात, पण गरोदरपणात त्याने बाळात व्यंग येतं, म्हणून त्या डॉक्टरशिवाय कधीच घेऊ नयेत. ही सगळी नावं माहितीसाठी आहेत, दुकानात जाऊन मागण्यासाठी नाहीत.

कुठलंही औषध लागू पडायला सहा ते आठ आठवडे लागतात, चांगला फरक तीन महिन्यांनी दिसतो. सुरुवातीला थोडं सोलतं, कधी मुरूम जरा वाढल्यासारखे वाटतात. पेरणी केली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी माती उकरून कोंब शोधत नाही. इथेही तेवढाच धीर लागतो. आठ दिवसांत चेहरा उजळवणारी ट्यूब कुणी दिली, तर तिच्यात काय आहे हे आधी विचारा.

जायचं कुठे?

सुरुवात गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. किशोरवयीन मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत "मैत्री" क्लिनिक आहेत. तिथे पाळी, मुरूम, मनातल्या शंका मोकळेपणाने विचारता येतात. गरज पडली तर बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावं. त्वचारोगाची तपासणी कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून गेलं म्हणजे हेलपाटा वाचतो. घरबसल्या मोबाईलवरून सरकारच्या ई-संजीवनी सेवेतही डॉक्टरशी बोलता येतं.

घरच्यांनी एवढं करा

"तोंड बघ कसं झालंय", "अशाने स्थळं कशी येतील" असं चारचौघात बोलू नका. पोरगी आरशासमोर रडते, पोरगा कॉलेज बुडवतो आणि मग दोघंही लपून कुणाची तरी ट्यूब लावतात. बहुतेक वेळा चुकीच्या इलाजाची सुरुवात अशा टोमण्यातून होते. मूल बाहेर जायचं टाळत असेल, गप्प राहत असेल तर त्याच्याशी बोला. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो, तिथे मराठीतही बोलतात.

थोडक्यात : दोन वेळा हलक्या हाताने चेहरा धुवा, तेल कपाळावर उतरू देऊ नका, स्कार्फ रोज धुवा, उन्हापासून जपा, मुरूम फोडू नका, दुसऱ्याची ट्यूब लावू नका आणि गाठी किंवा खड्डे दिसले की लगेच डॉक्टर गाठा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)